रोजच्या वापरासाठी एफआर-एस (जीटी८६) खाली केली, म्हणजे उंची कमी केली – माझा अनुभव
माझी सायन एफआर-एस २०१३ ची (टोयोटा जीटी८६ चं तेव्हाचं अमेरिकेतलं नाव), न्यू जर्सीत रोज ऑफिसला हीच नेतो. आधी ४० एमएम खाली बसवणारे स्प्रिंग्ज टाकले, शॉक (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तेच कंपनीचे ठेवले, आणि हिवाळ्यानंतर रस्त्याला खड्डे पडले तेव्हा गाडी सारखी धाडकन आपटायला लागली. चाक काढून बघितलं तर मागच्या टायरची आतली कड हात फिरवला की करवतीसारखी लागत होती, बाहेरून मात्र टायर नवा वाटायचा! बंप स्टॉपही (शॉक पूर्ण दबल्यावर धक्का अडवणारा ठोकळा) चेपून गेलेला, म्हणजे शॉकला हलायला जागाच उरली नव्हती.

मग ते स्प्रिंग्ज काढून २० एमएमवाले बसवले. दिसायला फरक थोडाच, पण चालवताना खूप, मला तर हीच हाइट आवडली.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मागच्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फुल टाइट करू नका, आर्मच्या सांध्यातला रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. मी चाकांखाली लाकडी फळ्या देऊन गाडीचं वजन टायरवर घेतलं आणि मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) लावला.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आठवडाभराने केली, स्प्रिंग वजनाने दबून स्थिरावल्यावर. मागचा टो (वरून बघता चाक आत-बाहेर वळलेलं असणं) मूळ बोल्टवरच सेट होतो, कॅम्बरला (समोरून बघता चाकाचा तिरपेपणा) मात्र वेगळे आर्म लागतात, ते २० एमएमला मला लागले नाहीत. पुढच्या चाकांना कॅम्बर बदलता येणारे बोल्ट टाकले. आता सोसायटीच्या स्पीड बंपवरून सरळ जातो, तिरकी घ्यावी लागत नाही.