बेशिकताशचे राजवाडे बघायला निघताना

आधी वार बघा. इस्तंबूलचं विमान ठरवण्याआधी, हॉटेल बघण्याआधी वार बघा. तिथल्या बेशिकताश भागातला दोल्माबाह्चे राजवाडा सोमवारी बंद असतो. मागच्या खेपेला आम्ही तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला आणि तो दिवस निघाला सोमवार. बंद दरवाजाचे गज धरून आई आत बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचं विमान होतं.

पासपोर्ट, व्हिसा, पैसे तुम्ही बघालच. बूट सवयीचे घाला. आत जाताना त्यावर प्लास्टिकची आवरणं चढवावी लागतात. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मोठा कॅमेरा नको. ट्रामनं काबाताशला उतरा, पुढे चालत जा. सकाळी दार उघडायच्या वेळेलाच पोचा, नंतर रांग वाढते. आणि तो दिवस सोमवार नाही ना, ते पुन्हा एकदा कॅलेंडरवर बघा.

सेलामलिक म्हणजे दरबाराचा भाग आणि हारेम म्हणजे जनानखाना, दोन्ही बघा. दमलो म्हणून हारेम सोडू नका. 1856 साली सुलतान अब्दुलमजीदनं पुरा केलेला हा 285 खोल्यांचा वाडा आहे, तोही खाडीत भराव टाकून केलेल्या जमिनीवर. (दोल्मा म्हणजे भरलेलं. तिथे भरल्या भाज्यांनाही दोल्माच म्हणतात.) दरबार हॉलमधलं झुंबर साडेचार टनांचं. पण आईला घेऊन पुन्हा गेलो तेव्हा ती सर्वात जास्त वेळ थांबली केमाल पाशांच्या, म्हणजे तुर्कस्तानचे पहिले अध्यक्ष अतातुर्क यांच्या खोलीत. पलंगावर तुर्कस्तानचा लाल झेंडा पसरलेला, घड्याळ 9 वाजून 5 मिनिटांवर थांबवलेलं. 10 नोव्हेंबर 1938 ला ते याच वेळी गेले. त्या खोलीसाठी तरी सोमवार टाळा.

बाकीचे राजवाडे थोडक्यात. चिराआन 1910 मध्ये जळाला, आता तिथे हॉटेल आहे. बोटीतून बघितला तरी चालेल. यिल्दिझ चढावर आहे, त्याला वेगळा अर्धा दिवस द्या. बेयलरबेयी बोस्फोरस सामुद्रधुनीच्या पलीकडच्या काठावर, पुलाच्या पायथ्याशी. तोही सोमवारी बंद. जुन्या शहरातला तोपकापी मंगळवारी बंद, म्हणजे दोल्माबाह्चे आणि तोपकापी दोन्ही बघायचे तर बुधवार ते रविवारचे दिवस धरा. सोमवार हाती उरलाच तर बेशिकताशच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठावरच्या उस्कुदारची बोट पकडा.