घरात कुणाला दारूचं व्यसन आहे का, आणि बडोद्यात मदत कशी घ्यायची

गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरांत दारूचं व्यसन फार उशिरा उघड होतं. पोलिसांची धास्ती असते आणि दांडिया बाजारात नातेवाइकांना कळेल ही त्याहून मोठी. काहींकडे हेल्थ परमिट असतं, मग "डॉक्टरांनीच लिहून दिलंय" म्हटलं की घरातलं बोलणंच खुंटतं. परमिट ही पिण्याची परवानगी आहे, व्यसन नसल्याचा दाखला नव्हे.

किती पितात यापेक्षा मिळाली नाही की काय होतं, तिकडे लक्ष द्या. सकाळी चहाची कपबशी हातात खडखडते का? दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं फाकवायला सांगा आणि वर वर्तमानपत्राचं एक पान ठेवा. बारीक थरथरही पानावर दिसते. सोबत घाम, मळमळ, चिडचिड, तुटक झोप असेल आणि थोडी घेतली की हे सगळं शांत होत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून झालं आहे.

डॉक्टर साधारण 4 प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खातं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन होकार आले तर नीट तपासणी हवी. शेवटच्या प्रश्नाला होकार असेल तर एकही आठवडा वाया घालवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याला देवासमोर शपथ घालून "आजपासून बंद" करायला लावू नका. धाड पडून माल मिळेनासा झाला तरी हाच धोका असतो. शेवटच्या घोटानंतर 6 ते 12 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो: माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. फिट, भ्रम किंवा जोराचा ताप दिसला की 108ला फोन करा. हे टाळण्याची औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अशक्तपणा आला म्हणून ओळखीच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका. पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व कमी असतं. ते आधी न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

पोटलीची, म्हणजे पिशवीत मिळणारी गावठी दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागलं, पोट दुखलं, श्वास वाढला, तर तो लठ्ठा, म्हणजे विषारी मिथेनॉलची दारू समजा. जुलै 2022 मध्ये बोटाद भागात यानेच माणसं गेली. झोपू देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि काय प्यायले ते खरं सांगा.

एरवी सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत किंवा कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य हॉस्पिटलात केस पेपर काढा. आधी फोनवर विचारायचं असेल तर टेलि-मानस 14416 किंवा व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजार येतात आणि मोजके अपवाद सोडले तर उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जाताना वहीत लिहून न्या: रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आली होती का, कावीळ, चालू गोळ्या. क्वार्टर म्हणजे 180 मिली. विदेशी दारूच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पोटलीचं प्रमाण कळत नाही, तेव्हा नुसती संख्या लिहा.

बोलायचं ते सकाळी, उतरलेली असताना, आणि एकाच माणसाने. "अहो, काल रात्री तुम्ही स्कूटरवरून पडलात. मला भीती वाटते. उद्या नऊला केस पेपर काढायला जाऊ, मी येते सोबत." वीस वर्षांचा हिशेब त्या दिवशी काढू नका.

जेवणात लपवून "दारू सोडवायचं औषध" तर मुळीच घालू नका. डायसल्फिरामसारख्या गोळीवर नकळत दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकतं.

दारू बंद केल्यावरचा शरीराचा त्रास साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो. उपचार खरा तिथून सुरू होतो. पुढे कित्येक महिने औषधं, समुपदेशन, जमल्यास एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंग. पुन्हा प्यायले तर कुलदेवतेपर्यंत सगळ्यांना दोष देत न बसता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जा. खासगी केंद्र निवडताना विचारा: रात्री डॉक्टर असतात का, नोंदणी दाखवाल का, घरच्यांना भेटू देता का? बांधून किंवा साखळीने ठेवणारी जागा लगेच सोडा; साखळी घालणं कायद्याने गुन्हा आहे.

आणि ते यायला नाहीच म्हणाले, तर तुम्ही एकट्या जा. घरच्यांनी काय करायचं, पैसे कुणाच्या हातात ठेवायचे, ऑफिसात खोटी कारणं सांगणं कसं थांबवायचं, हे डॉक्टर तुम्हालाही सांगतात.