जुन्या ऑफिस राउटरला नवा फायबर मोडेम जोडताना

वागळे इस्टेट, महापे किंवा तुर्भ्याच्या गाळ्यांमध्ये चालणाऱ्या लहान कार्यालयांत सहसा असे घडते: तांब्याची टेलिफोन लाइन जाऊन फायबर येते, कंपनीचा माणूस दाराजवळ नवा मोडेम बसवून जातो आणि पोटमाळ्यावरचा जुना राउटर तसाच राहतो. प्रिंटर, टॅलीचे संगणक आणि हजेरीचे यंत्र त्याच राउटरवर वर्षानुवर्षे बसवलेले असल्यामुळे तो काढून टाकण्यापेक्षा नव्या मोडेमला जोडून घेणे सोयीचे पडते.

कोणतीही वायर हलवण्याआधी राउटरची मागची बाजू पाहावी. तिथे इतर पोर्टपासून वेगळ्या रंगाचा, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेला पोर्ट असेल, तर पुढील कृती लागू पडते. फक्त टेलिफोनच्या वायरीचे बारीक सॉकेट आणि चार लॅन पोर्ट (कार्यालयातली यंत्रे जोडण्याचे) असतील, तर तो जुन्या एडीएसएल, म्हणजे टेलिफोन लाइनवरच्या इंटरनेट जोडणीचा राउटर होय. त्याचे डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करून, त्याला मोडेमच्याच मालिकेतला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला मोकळा नेटवर्क-पत्ता देऊन आणि मोडेमची वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावून तो केवळ स्विच (वायरी एकत्र जोडणारा डबा) आणि वायफाय म्हणून वापरता येतो. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

वॅन पोर्ट असलेल्या राउटरच्या बाबतीत खरी अडचण पत्त्यांची असते. बहुतेक जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि अनेक मोडेमही १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. दोन्हीकडे एकच मालिका आली, की कोणता पत्ता आतला आणि कोणता बाहेरचा हे राउटरला ठरवता येत नाही, आणि सगळे दिवे हिरवे दिसत असूनही इंटरनेट चालत नाही. अशा वेळी राउटरचा पत्ता बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते कार्यालयात तो मोडेमचा बदलावा, कारण प्रिंटर आणि टॅलीच्या मुख्य संगणकाला दिलेले कायमचे पत्ते राउटरच्या मालिकेवर बेतलेले असतात, तर नव्या मोडेमवर अद्याप कोणीच विसंबून नसते. मोडेमला १९२.१६८.१००.१ असा पत्ता दिला की काम भागते. मोडेमच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनी नेहमीच ग्राहकाला देत नाही, म्हणून तंत्रज्ञ समोर असतानाच हा बदल करून घ्यावा.

त्यानंतर मोडेमच्या लॅन पोर्टमधून राउटरच्या वॅन पोर्टपर्यंत कॅट ५ई किंवा कॅट ६ वायर टाकावी आणि टोक ‘टक्’ असा आवाज होऊन बसले आहे याची खात्री करावी. वायर १०० मीटरपर्यंत चालते, पण गाळ्यातील यंत्रांच्या थ्री-फेज केबलला खेटून ती नेऊ नये. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये ‘पीपीपीओई’ (नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी करण्याची पद्धत) असेल, तर ते बदलून ‘डायनॅमिक आयपी’ (मोडेमकडून आपोआप पत्ता घेण्याची पद्धत) करावे. आधी मोडेम सुरू करून त्याचा ‘पॉन’ (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर होऊ द्यावा आणि मगच राउटर सुरू करावा. ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल, तर दोष फायबरमध्ये आहे, राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. अडॅप्टरची अदलाबदल मात्र कटाक्षाने टाळावी, कारण मोडेमला बहुधा १२ व्होल्ट लागतात, कित्येक जुन्या राउटरना ९ व्होल्ट, आणि पिना मात्र सारख्याच दिसतात.

या रचनेत आतल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर दोनदा होते, एकदा राउटरमध्ये आणि एकदा मोडेममध्ये. जीएसटी पोर्टल, ईमेल, बँकेचे व्यवहार यांना त्याने काहीही फरक पडत नाही. तरीही काही जण मोडेम ‘ब्रिज मोड’मध्ये, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल अशा स्थितीत, टाकण्याचा आग्रह धरतात. तसे केल्यास कंपनीने दिलेले पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड राउटरमध्ये भरावे लागतात, एमटीयू (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवावे लागते, आणि मुख्य म्हणजे जुना राउटर थेट इंटरनेटसमोर उभा राहतो. त्याच्या निर्मात्याने सुरक्षा अद्यतने देणे बंद केले असेल, तर हा धोका पत्करू नये.

वेगाची तक्रार करण्यापूर्वी राउटरच्या पोर्टची क्षमता पाहावी. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच मिळतात, मग योजना २०० ची असो वा ३०० ची. जास्त वेग हवा असलेला संगणक तेवढा मोडेमला थेट जोडता येतो, मात्र मग त्याला राउटरमागचा प्रिंटर दिसत नाही.

सीसीटीव्ही बाहेरून पाहायचा असेल, तर मोडेम आणि राउटर दोन्हीकडे पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणे) करावे लागते. त्याआधी मोडेमच्या स्थिती-पानावरील वॅन पत्ता पाहावा: तो १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि स्थिर आयपी (फक्त आपला असा कायमचा सार्वजनिक पत्ता) मागून घेतल्याशिवाय पोर्ट फॉरवर्डचा उपयोग होणार नाही.