बाहुलीघराची लाकडी जमीन : या चुका टाळा

आइस्क्रीमच्या काड्यांच्या पट्ट्या नीट कापल्या, ओळीत चिकटवल्या आणि सकाळी पाहावं तर अख्खी जमीन पापडासारखी वळलेली. बाहुलीघराच्या लाकडी जमिनीतली ही सगळ्यात मोठी तक्रार. दोष मात्र लोक कापणीत शोधत बसतात. शोधायचा तो पाण्यात.

फेविकॉलमध्ये पाणी असतं. आइस्क्रीमची पातळ काडी ते पिते, फुगते आणि फुगलेली असतानाच चिकटते. वाळताना ती आकसते आणि खालच्या ३ मिमी एमडीएफला (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली पाटी) ओढून घेते, म्हणून कोपरे वर येतात. पुठ्ठ्यावर तर हे हमखास होणार, तेव्हा पुठ्ठा नकोच. पट्ट्या बसवून झाल्या की लगेच एमडीएफच्या मागच्या बाजूला त्याच फेविकॉलने खाकी कागद चिकटवा. दोन्हीकडून ओढ सारखी बसली की पाटी सरळ राहते. वर-खाली बटर पेपर, त्यावर सपाट फळी, फळीवर पाच-सहा किलो वजन, आणि २४ तास हात लावायचा नाही. फेविकॉल ओतू नका. जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर ओढा, तोही एका वेळी चार-पाच पट्ट्यांपुरताच. जमीन आधीच वळली असेल तर मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून कागद चिकटवा आणि दोन दिवस वजनाखाली ठेवा. थोडाफार बाक असेल तर निघतो.

दुसरं पाणी हवेतलं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी. पण काम चालतं कूलरच्या खोलीत, आणि तिथली हवा दमट. त्या हवेत घट्ट बसवलेल्या पट्ट्या कोरड्या खोलीत नेल्या की फटी पडतात. उलट, कोरड्या हवेत एकमेकींना दाबून बसवल्या तर जुलैत मधूनच तंबूसारख्या उचलतात. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. २५ सेंमी रुंदीत एक टक्का फरक म्हणजे अडीच मिलीमीटर. म्हणून पट्ट्या कूलरच्या झोतापासून लांब, तीन दिवस उघड्या पसरून ठेवा आणि चारही भिंतींलगत १ मिमी फट सोडा. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली, झाकते. स्कर्टिंग भिंतीला चिकटवायचं, जमिनीला नाही. जमिनीला चिकटवलं की फट सोडून काही उपयोग झाला नाही.

रंगाचा गोंधळ वेगळाच. आधी चिकटवून मग स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला की जागोजागी पांढुरके डाग राहतात. फेविकॉल जिथे सांडला तिथे लाकडाची छिद्रं बुजतात आणि रंग आत जात नाही. स्टेन आधी, चिकटवणं नंतर, हा साधा क्रम. चिकटवून झालंच असेल तर जमीन ओल्या फडक्याने हलकेच पुसा आणि तिरप्या उजेडात बघा. लाकूड जिथे गडद होत नाही तिथे फेविकॉल आहे. तेवढीच जागा १८० च्या पॉलिश पेपरने घासा. घासताना हात नेहमी रेषेच्या दिशेने, गोल गोल नाही. १:१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याच्या घरात, प्रत्येक ओरखडा बारा पट मोठा दिसतो. काड्या कारखान्यातून घोटून गुळगुळीत केलेल्या असतात, त्यामुळे चिकटणारी बाजू १२० च्या पेपरने आधीच खरवडून घ्या, नाहीतर महिन्याभरात एखादी सुटते.

आता मापं. नेहमीची काडी ११४ मिमी लांब, १० मिमी रुंद, २ मिमी जाड. गोल टोकं कापली की ९४ मिमी उरते. १:१२ ने हीच फळी पावणेचार फूट लांब आणि पावणेपाच इंच रुंद, म्हणजे डोळ्याला पटणारी. ३० बाय २५ सेंमी खोलीला हिशेबाने ८० काड्या लागतात. तुटकी-वाकडी धरून ९५ आणा. कॉफी ढवळायच्या ६ मिमी काड्या १:२४ ला चांगल्या.

सगळे सांधे एका रेषेत आले की जमीन शाळेच्या वहीसारखी दिसते. जुन्या वाड्याच्या माडीवरची तक्तपोशी आठवा. शेजारच्या ओळीचा सांधा निदान एक तृतीयांश लांबीने सरकलेला हवा. फटी पुट्टीने भरू नका. चिकटवण्याआधी पट्टीच्या कडेवरून ४बी पेन्सिल फिरवा, बारीक काळी रेघ आपोआप उमटते. सागाचा रंग हवा असेल तर नागपुरात लकडगंजच्या लाकूडबाजारात व्हिनिअरचे (लाकडाचा पातळ पापुद्रा) उरलेसुरले तुकडे विचारून बघा. मात्र ते आडवे कापताना कटर एका दमात दाबू नका, तीन हलके हात मारा, नाहीतर कड फाटते.

पॉलिशला चकाकी नको. चपडी लाखेचे दोन पातळ हात आणि वरून मॅट वॉर्निश पुरे. पावसाळी दमट दिवशी लाखेवर पांढरा ढग येतो, कारण लाखेतलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. वॉर्निश मारण्याआधी, कोरड्या दुपारी, स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केलेला मलमलचा बोळा भरभर फिरवला की तो जातो.

आणि दार बसवायच्या आधी जमीन घाला. खाली तीन मिलीमीटरचं एमडीएफ, वर दोनची पट्टी, म्हणजे जमीन पाच मिलीमीटर वर येते. दार आधी बसवलेलं असेल तर त्याची खालची कड पाच-साडेपाच मिलीमीटर कानसून काढावी लागते, तीही बिजागरी न हलवता.