छोटं होम व्हिडिओ लेबल चित्रपट कसा निवडतं? नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

आमच्या लेबलकडे, म्हणजे चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या छोट्या कंपनीकडे, नव्याने येणारा जवळपास प्रत्येक जण आवडत्या चित्रपटांची यादी घेऊन येतो. मीही आले होते. ती यादी जपून ठेवा, पुढे लागते. पण ‘हा चित्रपट चांगला आहे का’ या प्रश्नाची पाळी आमच्या बैठकीत बरीच उशिरा येते. त्याआधी दोन प्रश्न सुटावे लागतात: हक्क कोणाकडे आहेत आणि निगेटिव्ह, म्हणजे चित्रपटाची मूळ फिल्म, कुठे आहे. चांगल्या चित्रपटांची वानवा कधीच नसते. ज्यांच्याबाबत या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात, असे चित्रपट मात्र मोजके असतात. निवडीचं बहुतेक काम म्हणजे हा शोध.

हक्कांचं आधी सांगते. चित्रपट जितका जुना, तितकी त्याची मालकी गुंतागुंतीची. निर्मिती संस्था बुडते, तिचे सगळे चित्रपट दुसरी कंपनी घाऊक विकत घेते, तिलाही तिसरी गिळते, मध्येच निर्मात्याच्या वारसांमध्ये वाटण्या होतात. निर्मात्यापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा कागद जुळवावा लागतो. धंद्यात याला ‘चेन ऑफ टायटल’ म्हणतात. त्यातला एक कागद जरी सापडला नाही, तरी सहसा करार होत नाही. गाण्यांची भानगड वेगळीच. पूर्वी अनेकदा गाण्याची परवानगी फक्त चित्रपटगृहापुरती घेतलेली असायची. व्हिडिओसाठी ती नव्याने मागायची, तर रक्कम कधीकधी चित्रपटाच्या परवान्याहून जड जाते.

हक्क मिळाले म्हणजे सगळं मिळालं असं नाही, हे समजायला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या अमेरिकी भयपटाचं उदाहरण पुरेसं आहे. १९६८ साली प्रदर्शनाआधी या चित्रपटाचं नाव बदललं आणि त्या गडबडीत शीर्षकावरची कॉपीराइटची सूचना गळली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार ती सूचना नसेल तर संरक्षणही नाही. त्यामुळे तो अमेरिकेत कोणीही काढावा असा झाला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या धुरकट, ओरखडलेल्या प्रती निघत राहिल्या. मूळ निगेटिव्हवरून नीट काम झालं ते न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि जुने चित्रपट जतन करणारी संस्था द फिल्म फाउंडेशन यांच्या पुढाकाराने, आणि २०१८ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी लेबलने ती आवृत्ती काढली. हक्क सर्वांना खुले असूनही लोकांना खरा चित्रपट दाखवता आला तो निगेटिव्हमुळे.

परवाना ठरावीक देशांपुरता आणि ठरावीक वर्षांपुरता असतो. बहुतेक वेळा लेबलने मालकाला आधी एक किमान हमी रक्कम द्यायची असते. विक्रीवरची रॉयल्टी त्यातून वळती होते आणि हमी फिटल्यावर वरचे पैसे द्यायचे. मुदत संपली की चित्रपट हातातून जातो. २०१० मध्ये स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीच्या मालकीचे अनेक चित्रपट क्रायटेरियनच्या यादीतून असेच गेले. करार वाचताना नवे लोक रकमेकडे पाहतात. तुम्ही मुदत पाहा, आणि मुदत संपल्यावर उरलेल्या प्रती विकायला किती अवधी मिळतो तेही पाहा. रिस्टोरेशनला, म्हणजे जुन्या फिल्मची दुरुस्ती करायलाच, वर्ष-दीड वर्ष लागणार असेल, तर आखूड मुदतीत तो खर्च निघत नाही.

आता निगेटिव्ह. हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह (सुलट प्रत), त्यावरून ड्यूप निगेटिव्ह (पुन्हा उलट प्रत) आणि शेवटी चित्रपटगृहात चालणारी प्रिंट. प्रत्येक पायरीवर तपशील थोडा हरवतो. म्हणून आम्ही शक्य तितकं वरच्या पायरीवरचं साहित्य मागतो. हक्कदार बहुधा तयार डिजिटल मास्टर (जिच्यावरून डिस्क निघते ती प्रत) पुढे करतो, आणि तो बरेचदा डीव्हीडीच्या काळात केलेला असतो. तो पाहायची सवय लावून घ्या. चेहरे मेणाचे दिसतात का? म्हणजे ग्रेन (फिल्मचा नैसर्गिक कणीदारपणा) पुसून टाकलेली आहे. माणसाच्या कडेभोवती पांढरी रेघ दिसते का? म्हणजे कृत्रिम धार चढवलेली आहे. असा मास्टर तसाच डिस्कवर टाकणं स्वस्त पडतं, पण माझ्या मते अशा वेळी थांबावं. आपण वाईट आवृत्ती काढली की त्या चित्रपटाला चांगली आवृत्ती मिळण्याची शक्यता पुढची बरीच वर्षं मावळते, कारण ‘तो तर आला आहे’ असं म्हणून बाकीचे त्याकडे वळत नाहीत.

नवं स्कॅन करायचं तर खर्चाचा अंदाज हवा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी. सॉफ्टवेअर बरीच धूळ काढतं, पण पावसाचा थेंब आणि डाग यांतला फरक त्याला नेहमी कळत नाही. तिथे माणूस बसवावा लागतो. शिवाय रिळं वाट पाहत नाहीत. ॲसिटेट या प्लास्टिकवरची फिल्म सडू लागली की व्हिनेगरसारखा वास येतो, ती आकसते, वाकते आणि शेवटी स्कॅनरमधून जाईनाशी होते. व्हिनेगर सिंड्रोम या अमेरिकी लेबलने आपलं नाव या रोगावरूनच घेतलं आहे. दोन चित्रपटांमध्ये एकच निवडायचा असेल आणि एकाची रिळं सडायला लागली असतील, तर माझं मत त्याच्या बाजूने पडतं.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. ठिसूळ झालेले ते तुकडे फेकून न देता जपून ठेवले गेले. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांवर रासायनिक उपचार करून, हाताने दुरुस्त करून जे वाचलं ते स्कॅन केलं. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतर संग्रहांतलं साहित्य जोडलं. २०१५ मध्ये ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. म्हणून ‘निगेटिव्ह नष्ट झाली’ हे उत्तर पहिल्या पत्रात आलं तरी फाइल बंद करू नका. दुसऱ्या देशातल्या संग्रहाला विचारा, तिथल्या जुन्या वितरकाला विचारा. सबटायटल असलेली एखादी प्रिंट अनपेक्षित ठिकाणी निघते.

ब्रिटनमध्ये काढायचं असेल तर बीबीएफसी या तिथल्या मंडळाचं वयोगटानुसार वर्गीकरण लागतं. शुल्क चित्रपटाच्या लांबीवर ठरतं, आणि प्राण्यांना प्रत्यक्ष इजा केलेली दृश्यं असतील तर कात्रीही लागू शकते. हे निवडीच्या वेळीच तपासा.

विक्रीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात मला इतरांइतकी गती नाही. लेबलचे खरे ग्राहक काही हजार असतात. ट्वायलाइट टाइम हे लेबल बहुतेक चित्रपटांच्या ३,००० प्रतीच काढत असे. इतक्या थोड्या विक्रीत मोठ्या स्टुडिओला रस नसतो, आणि म्हणूनच आपल्याला जागा मिळते. भयपट, मारधाडपट यांचा ग्राहक निष्ठावान आहे. त्यांच्या जोरावर एखादा अनोळखी, संथ चित्रपट यादीत बसवता येतो. हा हिशेब वर्षभराच्या यादीचा असतो, एकेका चित्रपटाचा नव्हे.

एवढं झाल्यावर तुमची आवड कामाला येते. लेबलची ओळख तिनेच घडते. सेकंड रन या ब्रिटिश लेबलने मध्य आणि पूर्व युरोपातल्या चित्रपटांवर इतकी वर्षं लक्ष दिलं की त्याचे ग्राहक दिग्दर्शकाचं नाव ऐकलेलं नसतानाही डिस्क घेतात. तो विश्वास टिकवायचा तर प्रत्येक चित्रपटाबाबत विचारावं लागतं की आपण यात काय भर घालणार. १९८४ मध्ये क्रायटेरियनच्या ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) रोनाल्ड हेवर यांनी चित्रपटासोबत चालणारं भाष्य दिलं, तेव्हापासून अभ्यासकाचा आवाज हा आवृत्तीचा भाग झाला. मी त्याहून जास्त महत्त्व देते ते चित्रपट घडवणाऱ्यांच्या मुलाखतींना. छायालेखक, संकलक, कलादिग्दर्शक यांना फारसं कोणी विचारलेलं नसतं, आणि वयोमानाने ते एकेक करून जात असतात. छायालेखक हयात असेल तर त्याच्या देखरेखीखाली रंगही ठरवता येतात. नंतर तो नुसता अंदाज उरतो.

चित्रपट सुचवायचा असेल तर एक पान लिहून आणा. हक्क कोणाकडे असावेत आणि हे कशावरून म्हणता. साहित्य कुठे आहे आणि कोणत्या पायरीवरचं. आधीच्या आवृत्त्या कोणत्या आणि त्यांत काय खटकतं. कोणाची मुलाखत घेता येईल. आणि हा चित्रपट आपल्याच लेबलने का काढावा. कथासार दोन ओळींत आटोपा. साहित्याची ओळ मात्र रिकामी सोडू नका. ‘अमुक संग्रहाला पत्र टाकलं आहे, उत्तराची वाट पाहत आहे’ एवढं जरी लिहिलंत, तरी त्या पानावर बैठकीत चर्चा होते.