पत्ता मागू नका, निरोप पाठवा: दुरावलेल्या माणसांचा शोध कसा घ्यावा

माणूस हरवला आहे की फक्त संपर्क तुटला आहे, हे सगळ्यात आधी ठरवा. घरातून निघून गेलेलं मूल, स्मृती गेलेले आजोबा, मानसिक आजाराची औषधं चालू असलेली व्यक्ती किंवा जिवाला धोका असलेलं कुणीही असेल तर जवळचं पोलीस ठाणं गाठा किंवा ११२ ला फोन लावा. मुलांसाठी १०९८ आहे. चोवीस तास थांबून मगच तक्रार द्यावी असा कायदा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास होतो. माणूस शेवटचा ठाणे, वाशी किंवा पनवेल स्टेशनवर दिसला असेल तर लोहमार्ग पोलिसांनाही कळवा.

अशा वेळी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं साहजिक आहे. पण त्यात काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ठरवूनच पाठवा. नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचं ठिकाण, तारीख, पोलीस ठाण्याचं नाव, तिथला नोंद क्रमांक आणि संपर्काचे दोन नंबर एवढं हवं. घरचा पत्ता, शाळेचं नाव आणि आजाराचं नाव नको. "औषधांची गरज आहे" म्हटलं की पुरतं. अंगावरची एखादी खूण मुद्दाम जाहीर करू नका. "सापडलाय, गाडीभाड्याचे पैसे पाठवा" असे फसवे फोन येतातच, तेव्हा ती खूण विचारली की खरंखोटं कळतं. तारीख विसरू नका, कारण बिनतारखेचा फोटो माणूस घरी आल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतो. माणूस सापडला की मूळ पोस्ट काढा आणि ज्या ग्रुपांवर टाकली होती तिथे "सापडले, आता पुढे पाठवू नका" एवढंच कळवा. कुठे सापडले, का गेले होते, हे कुणाला सांगायची गरज नाही.

सज्ञान माणूस सापडला आणि घरी परतायचं नाही म्हणाला, तर पोलीस त्याचा जबाब घेऊन नोंद बंद करतात. पत्ता घरच्यांना द्यायचा की नाही हे तोच ठरवतो. घरच्यांना हे फार जड जातं, पण पोलिसांवर त्यासाठी दबाव आणू नका.

इथून पुढचं सगळं संपर्क तुटलेल्या माणसांबद्दल आहे.

शोधण्याआधी एक पान लिहा

संपर्क का तुटला, हे कागदावर लिहा. बदली, लग्न, चाळ पाडली, कंपनी बंद पडली अशी कारणं असतील तर पुढे जायला हरकत नाही. पण मारहाण, घरच्यांना न पटलेलं लग्न, जमिनीचा वाद किंवा आपली ओळख घरात मान्य न होणं यामुळे कुणी गेलं असेल, तर ते माणूस हरवलेलं नाही, निघून गेलेलं आहे. अशा व्यक्तीचा ठावठिकाणा कुणाच्याही सांगण्यावरून शोधू नका. "तिची आई आजारी आहे, एवढा नंबर काढून द्या" म्हणणारा माणूस खरोखर आईच्याच वतीने आला आहे का, हे आपल्याला कळत नाही. अशा वेळी नंबर काढून न देता निरोप घेऊन ठेवावा.

दुसरा प्रश्न हेतूचा. ठाणे आणि नवी मुंबईत दुरावलेल्या नातेवाइकांची आठवण पुष्कळदा सातबाऱ्यामुळे होते. वारसनोंद अडलेली असते, हक्कसोडपत्रावर आत्याची सही हवी असते किंवा सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात, मिळालेल्या भूखंडासाठी वारसांची संमती लागते. काम रास्तच आहे, पण ते पहिल्याच निरोपात उघड सांगा. चार दिवस "कशी आहेस गं" करून पाचव्या दिवशी कागद पुढे केला, तर तुटलेलं नातं दुसऱ्यांदा तुटतं.

कुठे शोधायचं

सुरुवात घरातूनच होते. जुनी लग्नपत्रिका काढा. त्यात मूळ गाव, आडनावं आणि चुलत-मावस नात्यांची अख्खी यादी असते. फोनची जुनी वही असेल आणि लँडलाइनचा नंबर सात आकडी असेल, तर त्याच्या आधी २ लावून बघा. मात्र तो नंबर आज तिसऱ्याच घरी वाजत असेल. उचलणाऱ्याला नाव आणि "जुनी ओळख" याच्यापुढे काही सांगू नका.

जुना पत्ता वाचतानाही गफलत होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधीच्या कागदावर "जि. ठाणे" असलं तरी वसई, डहाणू किंवा जव्हार आता पालघरमध्ये शोधावं लागतं. नवी मुंबईच्या पत्त्यात सेक्टर आणि घराचा टाइप हवाच. टाइप म्हणजे सिडकोने बांधलेल्या घरांचा प्रकार; वाशीतलं जेएन टाइप किंवा कोपरखैरण्यातलं एसएस टाइप एवढं आठवलं तरी शोध बराच आटोक्यात येतो. कोपरखैरण्यातल्या माथाडी कुटुंबांचं गावाशी नातं घट्ट असतं, म्हणून तिथे गावच्या मंडळामार्फत निरोप लवकर पोचतो.

शाळेतल्या मैत्रिणीचं हजेरीपटावरचं नाव लग्नानंतर आडनावासकट, कधी पहिल्या नावासकट बदललेलं असतं. म्हणून फेसबुकवर शोधून ती सापडत नाही आणि लोक तिच्या सासरचं नाव विचारत सुटतात. ते टाळा. माहेरचा भाऊ किंवा वर्गातली दुसरी मैत्रीण, यांच्यामार्फत विचारा. शोधणारा पुरुष असेल तर निरोप एखाद्या सामायिक मैत्रिणीनेच द्यावा. तिच्या घरी एका अनोळखी फोनचा अर्थ काय लावला जाईल, हे आपल्याला ठाऊक नसतं.

मतदार यादीत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. दस्तनोंदणीच्या सूची क्रमांक २ मध्येही (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) पक्षकारांची नावं आणि पत्ते असतात. ही कागदपत्रं कुणालाही बघता येतात, पण त्यांचा उपयोग खात्रीपुरता करा. यादीत पत्ता दिसला म्हणून थेट दारात जाऊन उभं राहायचं नसतं. शिवाय एकाच वॉर्डात त्याच नावाची तीन माणसं निघतात. वय आणि वडिलांचं नाव जुळल्याशिवाय कुणाशीही संपर्क करू नका.

मोबाइलचे कॉल तपशील, आधारवरचा पत्ता किंवा बँकेतली माहिती ओळखीने काढून घेणं हा गुन्हा आहे. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये कॉल तपशील विकणारी साखळी उघडकीस आणली, तेव्हा खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. "दोन दिवसांत लोकेशन देतो" म्हणणाऱ्याला पैसे देणाराही त्यात ओढला जाऊ शकतो.

काही ठिकाणी विचारणा करताना तिथले नियम पाळा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या संस्थेत अमुक रुग्ण आहे का, हे कुणालाही फोनवर सांगितलं जात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपले जन्मदाते शोधायचे असतील तर अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या मार्गाने जातो, तो तिने स्वतःच करायचा असतो आणि जन्मदात्यांच्या गोपनीयतेला धक्का लावता येत नाही. तिच्या वतीने मामा-काका, मित्र किंवा एजंट शोध घेऊ शकत नाहीत.

निरोप कसा पाठवायचा

समजा, शोध ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या एका जुन्या इमारतीपर्यंत पोचला आणि इमारत पुनर्विकासाला गेली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे सभासदांची नोंदवही असते आणि तात्पुरत्या भाड्याच्या घरात गेलेल्यांचे नंबरही बहुतेक असतात. पण बाहेरच्या माणसाला ते द्यायचा त्यांना अधिकार नाही, म्हणून मागूच नका. असं लिहा:

"स. न. वि. वि. आपल्या सोसायटीत १९९४ च्या सुमारास अमुक राहत होत्या. मी त्यांची शाळेतली मैत्रीण. त्यांचा पत्ता किंवा फोन मला नको. सोबतचं बंद पाकीट त्यांच्यापर्यंत पोचवता आलं तर आभारी राहीन. नाही जमलं तर फाडून टाकावं."

पाकीट बंदच हवं. पोस्टकार्ड तर अजिबात नको, ते जिन्यात चारजण वाचतात. आतलं पत्र आठ-दहा ओळींचं पुरे:

"मी अमुक. आठवीत आपण एका बाकावर होतो. तुझा पत्ता मला माहीत नाही, सोसायटीमार्फत हे पाठवते आहे. बोलावंसं वाटलं तर खालच्या नंबरवर फोन कर. वाटलं नाही तर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल."

निरोप कुठून आला आणि आपल्याला तिच्याबद्दल किती माहिती आहे, हे लिहिलं की समोरच्याची धास्ती कमी होते. लहानपणच्या आठवणींची भरताड, फोटो, कुणाच्या मृत्यूची बातमी हे पहिल्या पत्रात नको.

फेसबुकवर ओळख नसलेल्याचा मेसेज "मेसेज रिक्वेस्ट"मध्ये जाऊन पडतो, महिनोन्महिने वाचलाही जात नाही. म्हणून दीड महिना थांबून दुसऱ्या वाटेने एकदा विचारणं ठीक आहे. पण निरोप पोचल्याचं कळलं आणि उत्तर आलं नाही, तर तिसरा प्रयत्न नाही. बाईने नको म्हटल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. बाईने बाईला किंवा पुरुषाने पुरुषाला असं छळलं तर हे कलम लागत नसेल, पण त्रास तोच.

उत्तर आलंच, तर तो नंबर लगेच दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर टाकू नका. "बाकीच्यांना सांगू का?" हे आधी विचारा, आणि "एवढ्यात नको" म्हणाली तर शोध सुरू आहे असंही ग्रुपवर लिहू नका. नकार आला आणि शोध कुणा दुसऱ्यासाठी घेतला असेल, तर त्यांना एकच वाक्य सांगा: "निरोप पोचला आहे, पुढचं त्या व्यक्तीवर सोडा." शहर, लग्न, मुलं, तब्येत यातलं काहीही सांगू नका. पुण्यात आहे एवढं कळलं तरी शोधणाऱ्याला तेवढं पुरतं.

काम संपल्यावर वहीतली यादी फाडा. मतदार यादीचे स्क्रीनशॉट फोनमधून आणि गूगल फोटोजच्या बॅकअपमधूनही काढा. त्यात त्याच नावाच्या, या सगळ्याशी काही संबंध नसलेल्या माणसांचेही पत्ते असतात.