सरळ रस्त्यावर रेसिंग गेमचं व्हील थरथरतंय? फोर्स फीडबॅक सेट करताना या चुका टाळा

कोपरखैरण्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. "मामा, व्हील गेलं बहुतेक. सरळ रस्त्यावर हात जरा सैल सोडला की डावी-उजवी आपटायला लागतं. उद्या दुकानात परत देऊन येतो." म्हटलं, मी येईपर्यंत खोक्यात भरू नकोस. सकाळी ऐरोलीहून जाऊन पाहिलं, तर व्हील ठणठणीत होतं. सेटिंग चुकलं होतं आणि टेबल हलत होतं. तासाभरात सगळं शांत झालं.

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणी ओळखीच्यांच्या घरी मी बरीच व्हील्स लावून दिली आहेत. जवळजवळ प्रत्येक घरी तक्रार हीच असते, आणि त्यावरचा उपायही सगळे एकच करतात: जोर कमी करत जायचा, व्हील निर्जीव होईपर्यंत. मला याचं फार वाईट वाटतं. पुढचे टायर कधी पकड सोडतायत हे कळावं म्हणून आपण एवढे पैसे घालून व्हील घेतो आणि नेमकी तीच जाणीव पहिली घालवून बसतो.

थरथर येते कुठून

पाम बीच रोडवर यू-टर्न घेऊन स्टिअरिंग सैल सोडलं की ते तळहाताखालून सरकत आपोआप सरळ होतं. पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) आणि टायरची पकड मिळून हा सरळ करणारा जोर तयार होतो. गेम तोच जोर गणिताने काढतो आणि व्हीलमधल्या मोटरला पाठवतो, यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात.

घोळ होतो तो उशिरामुळे. व्हील कुठे आहे हे यूएसबीवरून गेमला कळतं, गेम जोर मोजतो, मग तो आकडा मोटरपर्यंत येतो. यात काही मिलिसेकंद जातात. समजा व्हील डावीकडे आहे आणि 'उजवीकडे ढकल' असा हुकूम निघाला. तो पोचेपर्यंत व्हील मध्य ओलांडून उजवीकडे निघालेलं असेल, तर तोच हुकूम त्याला आणखी उजवीकडे ढकलतो. परतताना डावीकडे तेच. झोपाळा पुढे निघालेला असतानाच मागून हात लावला की झोका वाढतो, तसं हे वाढत जातं.

खऱ्या गाडीत ही ऊर्जा स्टिअरिंग रॅकचं घर्षण, रबरी बुश आणि पॉवर स्टिअरिंग खाऊन टाकतात. गेममध्ये ते काम तुमचे हात करतात, नाहीतर डॅम्पिंगचं, म्हणजे हालचालीला विरोध करणारं, सेटिंग करतं. म्हणून हात पूर्ण सोडल्यावर व्हील थोडं डुललं तर घाबरू नका. परीक्षा अशी घ्या: मोंझा या रेस ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर प्रॅक्टिसमध्ये जा, वेग स्थिर ठेवा आणि बोटं हलकेच सैल करा. डुलणं दोन-तीन हेलकाव्यांत विरलं तर सगळं ठीक आहे. वाढत गेलं, किंवा नेहमीसारखं धरूनही थरथरत राहिलं, तर पुढे वाचा.

मिनिमम फोर्सचा उसना आकडा

सगळ्यात जास्त घरांत मला हीच चूक दिसते, म्हणून यावर जरा थांबतो.

लॉजिटेक जी२९, जी९२०, जी९२३ ही गिअरवर चालणारी व्हील्स आहेत. गेमने अगदी हलका जोर पाठवला तर तो गिअरच्या घर्षणातच मुरतो आणि रिम, म्हणजे हातात धरायची कडी, जागची हलत नाही. त्यामुळे मध्यावर एक मेलेली जागा जाणवते. ती भरून काढायला मिनिमम फोर्स असतो: गेमचा बारीकसा जोरही उचलून मोटर हलेल इतका मोठा करायचा.

हा आकडा घर्षणापेक्षा मोठा झाला की उलटं होतं. मध्याच्या केसभर डावीकडे व्हील असेल तर मोटर एकदम उजवीकडे ढकलते, केसभर उजवीकडे गेलं की एकदम डावीकडे. मधे हळुवार असं काही उरतच नाही, दिव्याचं बटण वर-खाली करावं तसा प्रकार. मग मध्यावर बारीक, वेगवान टकटक सुरू होते, कधीकधी गाडी उभी असतानाही. ही टकटक ओळखायला सोपी आहे: व्हील जरा एका बाजूला दाबून धरलं की थांबते, मध्यावर आणलं की परत सुरू.

भाच्याकडे हा आकडा २५ टक्के होता. कुठल्याशा व्हिडिओत पाहून टाकलेला. दुसऱ्याच्या व्हीलचा आकडा तुमच्या व्हीलला लागू पडत नाही. एकाच मॉडेलची दोन व्हील्सही वापराप्रमाणे कमी-जास्त घट्ट असतात. व्हीलचेक नावाचा छोटा प्रोग्रॅम जोर पायरीपायरीने वाढवत जातो आणि कितव्या पायरीला व्हील हललं ते नोंदवतो. मिळेल त्या आकड्याच्या किंचित खाली राहायचं. तेवढा खटाटोप नको असेल तर शून्यापासून एकेक टक्का वाढवत सरळ पट्ट्यावर चालवा. टकटक सुरू झाली की दोन टक्के मागे या. मोटर बेल्टने रिम फिरवते अशा व्हीलला हा आकडा कमी लागतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर आणि रिम यांच्यात गिअर नसतो, बेल्टही नसतो, त्यामुळे तिथे शून्यच ठेवा.

स्प्रिंगने व्हील स्थिर होत नाही

व्हील डुलतंय, म्हणजे मध्याकडे ओढणारा जोर कमी पडतोय, असं मनात येणं साहजिक आहे. म्हणून लोक सेंटरिंग स्प्रिंग वाढवतात आणि डुलणं दुप्पट होतं. स्प्रिंग ऊर्जा खात नाही, साठवते आणि परत देते. टायरचा सरळ करणारा जोर तिथे आधीच आहे, त्यावर दुसरा चढवला की व्हील मध्याकडे आणखी जोरात धावतं आणि आणखी लांब पलीकडे जातं.

फोर्स फीडबॅक असलेल्या गेममध्ये ड्रायव्हरमधली स्प्रिंग बंदच ठेवा. लॉजिटेकच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा वेगळा टिक असतो, जी हबमध्ये ती फोर्स फीडबॅक नसलेल्या गेमसाठी म्हणून दिसते. थ्रस्टमास्टरच्या पॅनेलमध्ये ऑटो-सेंटर 'गेमकडून' असं ठेवा. फोर्झा होरायझन गेमच्या प्रगत सेटिंगमध्ये सेंटर स्प्रिंग स्केल असतो, तोही तपासून घ्या.

डॅम्पर: चवीपुरत्या मिठाइतकाच

डॅम्पर म्हणजे व्हील जितक्या वेगाने फिरेल तितका जास्त विरोध. आटत आलेल्या बासुंदीत पळी फिरवून पाहा. सावकाश ढवळलं तर सहज फिरते, घाई केली की हात अडतो. थरथरीचा वेग मोठा असतो, तुमच्या वळवण्याचा त्यामानाने कमी. म्हणून थोडा डॅम्पर थरथर मारतो आणि तुमच्या हाताला फारसा जाणवत नाही.

असेत्तो कोर्सा कॉम्पेतित्सिओने या गेममध्ये डायनॅमिक डॅम्पिंग असतं. ते १०० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा, मग हवं तर उतरवा. जुन्या असेत्तो कोर्सात जायरो इफेक्टचा पर्याय आहे, सरळ पट्ट्यावरचं डुलणं तो बऱ्यापैकी कमी करतो. आयरेसिंगमध्ये डॅम्पिंगची पट्टी आहे, आणि गाडी उभी असताना जोर कमी करणारा टिकही आहे. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी) व्हील थडथडत असेल तर तो टिक लावा. एफ१ मालिकेच्या गेममध्ये व्हील डॅम्पर मिळतो. ग्रॅन तुरिस्मो ७ मध्ये मुख्य पट्ट्या दोनच, मॅक्स टॉर्क आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणून तिथे बाकीचं काम बेसच्या, म्हणजे व्हीलच्या मोटर असलेल्या भागाच्या, स्वतःच्या सेटिंगमधून करावं लागतं. फॅनाटेकच्या मेनूमध्ये त्यासाठी नॅचरल डॅम्पर आणि नॅचरल फ्रिक्शन (घर्षण) आहेत. मोझाच्या पिट हाऊस या सॉफ्टवेअरमध्येही डॅम्पर, फ्रिक्शन, इनर्शिया (जडत्व) वेगवेगळे दिसतात आणि हात सुटल्यावर जोर आवरणारं संरक्षणही आहे.

चूक होते ती गेममध्येही डॅम्पर आणि बेसमध्येही डॅम्पर, दोन्ही भरपूर, अशी. मग मागचा भाग घसरताना व्हील उलटं फिरायला वेळ लावतं आणि गाडी सावरता येत नाही. एकाच ठिकाणी, थोडा थोडा वाढवा. माझं मत विचाराल तर पाच-पाच टक्क्यांनी वर जा आणि हेलकावे विरायला लागले की तिथेच सोडा, अगदी शून्य होईपर्यंत ओढू नका.

वळणाचे अंश जुळत नाहीत

हे फार कमी लोक तपासतात. ड्रायव्हरमध्ये ९०० अंश आणि गेममध्ये भलताच आकडा, किंवा 'पटकन वळावं' म्हणून व्हीलच ३६० अंशांवर. व्हीलची तेवढीच हालचाल आता पुढच्या चाकांना अडीच पट वळवते. मध्यापासून इंचभर सरकलं तरी टायर मोठा जोर परत पाठवतात आणि थरथरीला आयतं निमित्त मिळतं. व्हील त्याच्या पूर्ण अंशांवर ठेवा, जी२९ ला ९००, थ्रस्टमास्टर टी३००ला १०८०, आणि गेममध्येही तोच आकडा भरा. प्रत्येक गाडीला किती लॉक द्यायचा, म्हणजे व्हील टोकापर्यंत किती फिरू द्यायचं, ते गेम बघून घेतो.

आणखी एक. व्हील चालू होताना स्वतःहून डावी-उजवी फिरून मध्य शोधतं, तेव्हा त्याला हात लावू नका. मध्य चुकला की व्हील सतत एका बाजूला ओढतं आणि माणूस सेटिंगमध्ये नसलेली चूक शोधत बसतो.

जोर

जी२९ जेमतेम दोन न्यूटन-मीटर (फिरवणाऱ्या जोराचं माप) देतं. फॅनाटेकचा सीएसएल डीडी पाच, बूस्ट किट लावल्यावर आठ. मोझाचा आर९ नऊ. म्हणजे एका व्हीलवरचे १०० टक्के दुसऱ्यावर वीस-पंचवीस ठरू शकतात. लहान व्हीलवर जोर फार वाढवला की क्लिपिंग होतं: मोठे जोर सगळे एकाच कमाल आकड्याला जाऊन थांबतात आणि कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंचसखल पट्टी), वळण, घसरण यांतला फरक नाहीसा होतो. असेत्तो कोर्सातल्या पेडल्स ॲपची राखाडी पट्टी तेव्हा लाल होते. लांब वळणात ती लाल राहिली तर गेन, म्हणजे एकूण जोराचं सेटिंग, कमी करा, एखाद्या कर्बवर क्षणभर झाली तर सोडून द्या. मोठ्या बेसवर मात्र निम्म्याहून कमी जोराने सुरुवात करा आणि अंगठे रिमच्या आत अडकवू नका. गाडी भिंतीला लागली की रिम अंगठा मुरगाळू शकते.

टेबल

आता भाच्याच्या टेबलाकडे येतो. घडीचं, बारीक पायांचं, वर पातळ प्लाय. व्हील उजवीकडे ढकललं की टेबल डावीकडे झुकायचं, मग सुटायचं. म्हणजे मोटरच्या जोडीला टेबलाची स्वतंत्र स्प्रिंग. अशा टेबलावर सॉफ्टवेअरमध्ये कितीही बदल करा, थरथर जात नाही.

टेबलाच्या मागच्या पायांना आडवी पट्टी आणि कोपऱ्यांत लोखंडी एल-अँगल लावले, टेबल भिंतीला टेकवलं आणि क्लॅम्पखाली रबराचा पातळ तुकडा घातला. सुताराने अर्ध्या तासात केलं. पावसाळ्यात प्लाय दमट हवेने फुगतो आणि हवा कोरडी झाली की आक्रसतो, त्यामुळे क्लॅम्प सैल पडतो, दर काही आठवड्यांनी आवळत जा. बोल्टने बसवता येत असेल तर बोल्टच वापरा. डायरेक्ट ड्राइव्हसाठी साध्या टेबलाचा नादच सोडा, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रिग (व्हील पक्कं बसवायचा सांगाडा) घ्या. रिमच्या क्विक रिलीजमध्ये (रिम काढण्या-लावण्याच्या जोडात) ढिलेपणा असेल तर तोही घट्ट करा. मोठी, जड रिम लावली असेल तर हेलकावे सावकाश पण लांब होतात, तिथे डॅम्पर पुन्हा जुळवावा लागतो.

फ्लॅटमध्ये याचा दुसराही फायदा आहे. गिअरच्या व्हीलची टकटक टेबलाच्या पायांतून फरशीत उतरते आणि रात्री अकराला खालच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येते. पायांखाली जाड रबरी चटई घातली की ती बरीच कमी होते.

उशीर कमी करा

व्हीलची वायर थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, कीबोर्ड-माउस-वेबकॅम भरलेल्या हबला नको. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारा पर्याय) बंद करा. ग्राफिक्स इतके चढवू नका की फ्रेम अडखळतील, कारण प्रोसेसर दमला की जोराचा हिशेबही मागे पडतो. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या गतीशी जुळवणारं सेटिंग) बंद करून पाहा.

जी थरथर घालवायची नाही

कर्बवरची खडखड, युरो ट्रक सिम्युलेटर २ मधली उभ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर हे मुद्दाम घातलेले परिणाम आहेत, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. कॉम्पेतित्सिओनेमध्ये जोरात ब्रेक मारून चाक लॉक झालं की टायरला चपटा डाग पडतो आणि मग वेगाबरोबर वाढणारी थडथड व्हीलमध्ये येते. ती टायर बदलेपर्यंत राहणार. अशा वेळी एकाही सेटिंगला हात लावू नका, पिटमध्ये जा.

आणि खरंच दुकानाची पायरी कधी चढायची? गेम बंद असताना, नुसती वायर जोडलेली असतानाही व्हील थरथरत असेल, दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणि फर्मवेअर अपडेट करूनही तसंच राहिलं, किंवा हाताने फिरवताना एका ठरावीक जागी अडकून कर्र आवाज येत असेल, तर दोष आतला आहे. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा, बिल शोधून ठेवा आणि वॉरंटी असेपर्यंत व्हील स्वतः उघडू नका.